स्ट्रोकनंतर हाताची प्रगती नक्की कशावरून मोजायची?

अर्धविराम
मंडळी, जरा गोंधळलोय म्हणून धागा काढतोय. बाबांना मागच्या महिन्यात स्ट्रोक आला, मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, त्यामुळे उजवी बाजू गेली. आयुष्यभर सगळं उजव्या हातानेच केलेला माणूस. पाय बऱ्यापैकी आलाय, धरून का होईना चालतात. हात मात्र मागे राहिलाय.

तर प्रश्न असा की थेरपिस्ट दर थोड्या दिवसांनी कागद घेऊन बसतात आणि हाताला मार्क देतात. एक ६६ पैकी असतो, दुसरा ५७ पैकी, शिवाय एका मिनिटात लाकडी ठोकळे इकडून तिकडे टाकायचे तो एक प्रकार. पहिल्यात बाबा १८ वरून ३१ वर आले, सगळे खूश. पण दुसऱ्यात अजून एक आकडी आणि ठोकळे शून्य. आणि घरी बघायला गेलं तर शर्टाचं बटण शून्य, पेन शून्य, मोबाईल डाव्या हाताने. भाऊ म्हणतो आकडे हॉस्पिटलच्या समाधानासाठी असतात, आई रोज सकाळी एकच विचारते, बोटं उघडली का. यातलं खरं कोणाचं मानायचं?

आणि अजून एक, तिसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी फक्त खांदा बाजूला उचलायला आणि बोटं उघडायला सांगितलं, काहीतरी लिहिलं आणि पुढच्या बेडकडे गेले. एवढ्यात त्यांना काय कळलं असेल? कोणाला अनुभव असेल तर सविस्तर लिहा, कितीही लांब चालेल.

गोगलगाय
बाबांना लवकर आराम पडो. वाचतेय, मावशीचंही हेच चालू आहे.

हातोटी
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. तुमच्या बाबांना तपासलेलं नाही त्यामुळे जे लिहितेय ते सर्वसाधारण आहे हे आधीच सांगते.

तुमचे तीनही आकडे खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. ६६ वाली फुगल-मायर. १९७५ साली स्वीडनमधल्या लोकांनी बसवली, आजही जगभर तीच वापरतात. त्यात हाताने काम होतं का हे कोणी विचारतच नाही, मेंदूचा स्नायूंवरचा ताबा किती परत आला एवढंच बघतात. एकेका हालचालीला ०, १ किंवा २. अजिबात नाही, अर्धवट, पूर्ण. स्ट्रोकनंतर सुरुवातीला हालचाली एकमेकींना चिकटून येतात, म्हणजे हात वर घ्यायला गेलं की कोपर आपोआप वाकतं, मनगट मुडपतं, मूठ वळते, सगळं एकदम. फुगल-मायरमध्ये बघतात की ही गाठ सुटतेय का, खांदा एकटा हलतो का, कोपर सरळ ठेवून हात वर जातो का.

आता मुद्दा. त्या ६६ मधले ३६ मार्क खांदा, कोपर आणि कोपराखालच्या हाताचे असतात, मनगटाचे १०, पंजाचे फक्त १४ आणि उरलेले ६ वेग नि अचूकपणाचे. म्हणजे माणूस ३१ पर्यंत जवळपास सगळा खांद्या-कोपराच्या जोरावर पोचू शकतो, बोटं तशीच राहतात. पुढच्या वेळी थेरपिस्टना एवढंच विचारा की ३१ मधले पंजाचे किती.

५७ वाली बहुतेक अ‍ॅरॅट (अ‍ॅक्शन रिसर्च आर्म टेस्ट) असणार. तिथे प्रत्यक्ष वस्तू उचलायच्या. छोटेमोठे ठोकळे उचलून फळीवर ठेवायचे, या ग्लासातलं पाणी त्या ग्लासात ओतायचं, गोटी नि बारीक छर्रा चिमटीत धरायचा, शेवटी हात डोक्यामागे, डोक्यावर, तोंडाशी न्यायचा. एकूण १९ कामं, प्रत्येकाला ० ते ३. काम झालं पण फार वेळ लागला किंवा वेडंवाकडं झालं तर २, नीट झालं तर ३. त्यात १८ मार्क नुसत्या चिमटीचे आहेत. बटण त्या १८ मध्ये बसतं. तेव्हा फुगल-मायर वर जातेय आणि बटण लागत नाही यात विरोधाभास काही नाही, बहुतेकांचा क्रम असाच असतो.

उंटावरचा शहाणा
५७ पैकी मार्क? आणि पास किती ला? आमच्या वेळी ३५ होते.

हातोटी
@उंटावरचा, पासनापास नसतं हो. पण तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट, त्या अ‍ॅरॅटच्या मूळ पेटीत क्रिकेटचा बॉल असतो. खरंच. १९८१ सालच्या यादीतच आहे.

उंटावरचा शहाणा
मग मी स्ट्रोकशिवायच नापास. कॅच कधी घेतलाच नाही.

निमित्त
मी न्यूरोलॉजीत काम करतो, तिसऱ्या दिवसाबद्दल लिहितो कारण तो प्रश्न महत्त्वाचा आहे आणि डॉक्टर लोक तो समजावून सांगत नाहीत (आम्हीच ते).

खांदा बाजूला उचलणं आणि बोटं सरळ करणं, या दोन हालचालींची ताकद प्रत्येकी ० ते ५ अशी मोजतात, बेरीज १० पैकी. बेडशेजारी दोन मिनिटांत होतं, लागत काहीच नाही. पण त्या दोन मिनिटांत जेवढं कळतं तेवढं कधीकधी महागड्या स्कॅनमधूनही कळत नाही. नेदरलँड्समध्ये याचा अभ्यास झाला, २०१० मध्ये छापून आला. पहिल्या ७२ तासांत ज्यांना थोडीतरी बोटं उघडता येत होती आणि थोडातरी खांदा बाजूला नेता येत होता त्यांच्यात सहा महिन्यांनी हाताला काहीतरी कौशल्य परत येण्याची शक्यता ९८ टक्के. दोन्ही येत नव्हतं त्यांच्यात २५ टक्के. नवव्या दिवशीही येत नसेल तर ती १४ पर्यंत उतरते.

बोटं उघडणंच का, मिटणं का नाही? मूठ वळवायला मेंदूकडे एकापेक्षा जास्त वाटा आहेत, मेंदूच्या बुडाशी जे जुने मार्ग आहेत त्यांच्यावरूनही ती वळते. एकेक बोट सुटं करून उघडायचं तर मेंदूच्या पृष्ठभागापासून थेट मणक्यापर्यंत जाणारा मुख्य मार्ग शाबूत लागतो. म्हणून उघडणारं बोट हा त्या मार्गाचा थोडक्यात रिपोर्ट आहे. तुमच्या आईंचा रोजचा प्रश्न बरोबर जागी आहे.

आणि पहिल्या दिवशी का नाही मोजत? तेव्हाही मोजतात, हात दहा सेकंद तोलून धरता येतो का वगैरे, पण ते तातडीच्या उपचारांचं ठरवायला. पुढचं भाकीत त्यावर करत नाहीत. पहिल्या एकदोन दिवसांत चित्र फार बदलतं. मेंदूचा जो भाग मेला नाही पण रक्त कमी पडून गप्प झालाय तो कधी परत बोलू लागतो, कधी सूज वाढून उलटंही होतं.

टाचणी
>>> दोन्ही येत नव्हतं त्यांच्यात २५ टक्के <<<

माफ करा पण हेच मला पटत नाही. माझी आई त्या "दोन्ही येत नव्हतं" गटात होती. आम्हाला बेडशेजारी, तिच्यासमोर, सांगितलं गेलं की हाताची फार आशा ठेवू नका. ती बोलू शकत नव्हती पण तिला सगळं कळत होतं. त्या वाक्यानंतर तिने व्यायामाकडे तोंड फिरवलं ते कितीतरी दिवस. आज ती त्या हाताने कपडे वाळत घालते, चिमटे लावते. सावकाश, पण लावते. चारातला एक तो हा. तिसऱ्या दिवशी माणसाला टक्केवारी ऐकवून नक्की कोणाचं भलं होतं?

बोरू
टाचणीला अनुमोदन. आकडा डॉक्टरच्या वहीत राहू दे.

निमित्त
@टाचणी, पेशंटसमोर तसं बोलणं चूकच, त्यात वाद नाही. २५ टक्के म्हणजे शून्य नाही हेही तुम्ही बरोबर पकडलंत.

पण आकडा वहीतच राहू दे याला माझा विरोध आहे. पहिले काही आठवडे थेरपीचा वेळ मर्यादित असतो. तो कशावर घालवायचा हे ठरवावं लागतं. ज्याचा हात येण्याची दाट शक्यता आहे त्याला पहिल्यापासून त्याच हाताने कामं करायला लावायची. ज्याची कमी आहे त्याच्या बाबतीत खांदा दुखू न देणं, सांधे आखडू न देणं आणि एका हाताने सगळं करायला शिकवणं हे मागे पडता कामा नये, हाताचे प्रयत्न चालू ठेवूनच. न्यूझीलंडच्या लोकांनी याच दोन हालचालींवरून पुढची पद्धत बांधली. तिसऱ्या दिवशी बेरीज ५ किंवा वर आणि वय ८० च्या आत, तर अंदाज उत्तम. बेरीज ५ च्या खाली असेल तर तिथे न थांबता डोक्याबाहेरून चुंबकाचा ठोका देऊन हातात सिग्नल पोचतो का बघतात. कारण हात पूर्ण लुळा दिसत असूनही काहींच्यात तो पोचतो, आणि अशांचा हात बराच येतो. इतकं करूनही साधारण चारातल्या तिघांच्याच बाबतीत अंदाज बरोबर निघतो. छातीठोक कोणीच सांगू नये.

त्या ९८ टक्क्यांचीही दुसरी बाजू बघा. तिथे "कौशल्य आलं" म्हणजे अ‍ॅरॅटमध्ये ५७ पैकी किमान १०. १० मध्ये बटण लागत नाही. ज्यांची बोटं पहिल्या ७२ तासांत थोडी उघडत होती त्यांच्यातले सुमारे ६० टक्के पूर्ण ५७ पर्यंत गेले, म्हणजे बाकीचे अधेमधे राहिले. चांगली टक्केवारी ऐकून गाफील राहणारी घरंही बघितली आहेत.

टाचणी
हे जर तेव्हा कोणी असं सांगितलं असतं तर मी इथे भांडले नसते.

डावा बरा
मी स्वतः स्ट्रोकमधून गेलोय, उजवा हात, टाइप डाव्या हाताने करतोय त्यामुळे चुका पदरात घ्या. तपासणाऱ्यांचं बोलून झालं, आता तपासला गेलेल्याचं ऐका.

पहिलं म्हणजे दमणूक. सकाळी चाचणी झाली तर एक हात आणि संध्याकाळी पाय चालवून झाल्यावर झाली तर दुसराच हात. मी सांगायला लागलो की दर वेळी त्याच वेळेला घ्या, त्याच खुर्चीत घ्या. खुर्ची खाली असली की खांदा उचलायला जड जातं, उंच टेबल मिळालं की मार्क वाढतात, हे मला कोणी शिकवलं नाही, हाताने शिकवलं.

दुसरं म्हणजे लबाडी. मुद्दाम कोणी करत नाही, शरीर करतं. ठोकळा लांब असला की हात लांबवायच्या ऐवजी अख्खं अंग पुढे झुकतं, खांदा कानाला लागतो. घरचे म्हणतात वा वा पोचला. पोचलं अंग, हात जिथल्या तिथे. माझी थेरपिस्ट चाचणीत पाठ खुर्चीला टेकवून ठेवायला लावायची, मला तिचा भयंकर राग यायचा.

तिसरं, आणि हे अर्धविराम तुमच्यासाठी. घरचे रोज परीक्षा घेतात हो. जो येईल तो "जरा मूठ दाब बघू". शेजारी, भाचे, आलागेला प्रत्येक जण. दाबली की टाळ्या, नाही दाबली की चेहरे पडतात आणि मग ते चेहरे आपणच सांभाळायचे. मूठ दाबून मला काही मिळत नव्हतं, मूठ सोडता येत नव्हती ही माझी अडचण होती. एकदा दाराची कडी धरली ती सुटेना, दुसऱ्या हाताने बोटं काढावी लागली.

उंटावरचा शहाणा
@डावा बरा, चुका कुठे आहेत? आमचे दोन्ही हात चालू असून यापेक्षा वाईट टाइप करतो.

बोरू
मूठ दाबण्यावरून आठवलं. काकांना कोणीतरी मऊ बॉल आणून दिला, दिवसभर दाबत बसतात. एक जण म्हणतो उत्तम, दुसरा म्हणतो अजिबात नको, हात कडक होईल. खरं काय?

हातोटी
हा बॉलवाला वाद प्रत्येक धाग्यावर येतोच. जोर लावल्याने ताठरपणा वाढतो असं पूर्वी ठामपणे सांगायचे, पुढे अभ्यास झाले त्यात तसं दिसलं नाही. म्हणून बॉल हे विष नाही. पण डावा बरा यांनी लिहिलंय तेच, दाबणं बहुतेकांचं आधी येतं आणि सोडणं नंतर. जे आलंय तेच दिवसभर करत बसून उपयोग किती? बॉल द्यायचाच तर काकांना सांगा, उचला आणि डब्यात सोडा. सोडणं हे काम.

ताठरपणा वेगळा मोजतात. स्नायू सैल सोडायला सांगून आम्ही तो ताणतो आणि अडतो किती ते बघतो, ० ते ४, मध्ये एक गंमतशीर १+ पण आहे. पहिल्या आठवड्यात बहुतेक हात लुळेच असतात तेव्हा हा आकडा ० येतो. घरच्यांना वाटतं ० म्हणजे छान. छान नाही, अजून काही सुरूच झालेलं नाही असाही त्याचा अर्थ निघू शकतो. नंतर थोडा ताठरपणा येणं हा बऱ्याच जणांत बरं होण्याच्या वाटेवरचाच टप्पा असतो. फार वाढला, दुखू लागला, तळहात उघडून धुता येईना, तर मात्र लगेच दाखवायचं.

उंटावरचा शहाणा
१+ म्हणजे आमच्या मास्तरांचा "ग्रेस".

कागदी होडी
माझ्या सासूबाईंचं इथे कोणी लिहिलेल्या कशातच बसत नव्हतं म्हणून लिहिते. त्यांची डावी बाजू गेलेली. ताकद तपासली की भरपूर, ५ पैकी ४ का काय ते. बोटं उघडायची. तरी हात वापरायच्याच नाहीत. साडीचा पदर... म्हणजे अंगावरचं कापड सरकलं तरी डावा हात मांडीवर तसाच. आम्हाला वाटलं आळस करतात, नणंद तर ओरडायची सुद्धा. मग कोणीतरी कागदावर रेषा काढून मध्यावर खूण करायला सांगितली तर त्यांनी खूण पार उजवीकडे केली. डावीकडचं जगच त्यांच्या हिशोबात नव्हतं. हात होता, पण त्यांच्यासाठी तो नव्हताच. हे कळल्यावर घरातला ओरडा बंद झाला एवढं नक्की.

हातोटी
@कागदी होडी, फार महत्त्वाचं लिहिलंत, मी आधी यायला हवं होतं याच्याकडे. ताकद मोजली म्हणजे हात तपासला असं होत नाही. उजव्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये डावीकडे दुर्लक्ष होणं बऱ्यापैकी दिसतं. संवेदनेचंही तेच. डोळे मिटायला लावून बाधित हात आपण हवेत कुठेतरी धरायचा आणि चांगल्या हाताने त्याचा अंगठा पकडायला सांगायचं. काही जण अंगठा सोडून कोपर, उशी, काहीही पकडतात. त्यांना हात कुठे आहे हेच कळत नसतं, मग डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो वापरणार कसे? किल्ली आणि नाणं हातात देऊन न बघता ओळखायला सांगणं हीसुद्धा चाचणीच. डाव्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये अजून एक भानगड, ताकद आहे, समजतंय, पण कंगवा हातात दिला की त्याचं करायचं काय तो क्रमच हरवतो. अर्धविराम, तुमच्या बाबांच्या मेंदूची डावी बाजू म्हणालात म्हणून हे विचारून ठेवा. बोलण्यावर परिणाम असेल तर सूचना तोंडी न देता करून दाखवून चाचणी घ्यायची, नाहीतर न समजल्याचे मार्क हाताचे जातात.

बोरू
एक शंका. चांगला हात बांधून ठेवला तर आजारी हात वापरावाच लागेल ना? असं कुठेतरी ऐकलंय. काकांच्या बाबतीत करून बघावं म्हणतोय.

निमित्त
आपल्या मनाने नको. ती पद्धत खरी आहे, तीन ते नऊ महिने उलटून गेलेल्या आणि बोटं-मनगट थोडं उघडणाऱ्या लोकांवरचा २००६ चा मोठा अभ्यास तिच्या बाजूने आहे. पण अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त जोरात करून बघितलं तेव्हा २००९ च्या एका छोट्या अभ्यासात जास्त डोसवाल्यांचा हात तीन महिन्यांनी कमी सुधारलेला निघाला. जास्त म्हणजे चांगलं असा हिशोब सुरुवातीला चालत नाही. शिवाय काकांचा तोल अजून जात असेल तर सावरायला त्यांच्याकडे एकच हात आहे, तोच बांधायचा?

टाचणी
ते घड्याळासारखं यंत्र मनगटाला बांधून हात दिवसभरात किती हलला ते मोजतात ना, ते बरं नाही का? परीक्षाच नको, गुपचूप मोजा.

हातोटी
मोजतात, दोन्ही मनगटांना बांधून तुलना करतात. कामाचं आहे, कारण चाचणीत जमतं ते माणूस घरी करतोच असं नाही, हे दोन आकडे फार लांब असू शकतात. पण चालताना हात नुसता झुलला तरी यंत्र हालचाल धरतं. शिवाय सुरुवातीला कोणीतरी दुसऱ्याने हात हलवला तरी धरतं. त्यापेक्षा साधं म्हणजे माणसालाच विचारायचं, दिवा लावताना हा हात वापरला का, टॉवेल धरला का, किती वेळा आणि किती नीट, ० ते ५. अशी ठरलेली प्रश्नावली आहे. पेशंट जास्त सांगतो, घरचे कमी सांगतात, खरं मध्ये असतं.

डावा बरा
>>> पेशंट जास्त सांगतो <<<
आक्षेप आहे. :)

अर्धविराम
सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. हातोटी, विचारलं मी. ३१ मधले पंजाचे ३. तीन! बाकी सगळा खांदा-कोपर. थेरपिस्ट उलट खूश झाल्या की कोणीतरी विचारलं, कागद उलगडून अर्धा तास समजावलं. ठोकळ्यांचं म्हणाल्या की ती चाचणी बाबांसाठी अजून लवकर आहे, निरोगी माणसं वयाप्रमाणे मिनिटात ६० ते ९० टाकतात, ज्याला एक उचलून सोडता येत नाही त्याला ती काहीच सांगत नाही, शून्य आधी पण आणि शून्य नंतर पण. त्यामुळे ती तूर्त बंद.

तिसऱ्या दिवसाचा कागदही फाईलमध्ये सापडला. खांदा २, बोटं १. म्हणजे निमित्तनी लिहिलेल्या हिशोबात "थोडंतरी आहे" असं धरू ना?

भावाशी अजून एकमत नाही. तो म्हणतो बटण लागेल तेव्हा मी मानेन. आईला मी सांगितलं रोज विचारू नकोस, ती म्हणाली मग काय विचारू, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आता नवीन अडचण, खांदा दुखायला लागलाय. हात उचलायच्या चाचणीला बाबा आता नाहीच म्हणतात. त्यामुळे मार्क खाली जातील का?

निमित्त
बेरीज ३, म्हणजे ५ च्या खालचा पण शून्य नसलेला गट. दोन्हीकडे थोडं होतं ही चांगली बाजू आहे. पण एका घराला एका बेरजेवरून याच्यापुढे मी सांगणार नाही. स्ट्रोकनंतरच्या बदलाचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांत होतो आणि तुम्ही अजून त्यात आहात. त्यानंतर थांबतंच असंही नाही. एकदोन मार्क वरखाली झाले तर लक्ष देऊ नका, सुरुवातीच्या काळात सत्तावन्नवाल्या चाचणीत मुख्य हाताला (माणूस मुळात ज्या हाताने कामं करतो तो) साधारण १२ मार्कांचा फरक पडला की माणसाला स्वतःला फरक जाणवतो असं निघालंय. हां, पण आलेली ताकद अचानक गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं बदललं तर चाचणीबिचणी सोडून सरळ इमर्जन्सी.

हातोटी
खांदा: मार्कांचं सोडा, आधी तो दाखवा. दुखऱ्या खांद्यावर घेतलेली चाचणी मेंदूचं काही सांगत नाही, दुखण्याचं सांगते. बाबांना उठवताना, कुशीवर वळवताना, कपडे घालताना कोणी त्या हाताला धरून ओढतंय का ते बघा. सुरुवातीला खांद्याचे स्नायू लुळे असतात तेव्हा हाताच्या वजनानेच सांधा खाली उतरतो, खांद्याच्या हाडाखाली बोट जाईल एवढी खाच लागते, त्यात ओढाओढ झाली की दुखणं पाठ सोडत नाही. उठवताना काखेत हात घालून वर ओढायचं नाही, पाठीमागून खांद्याच्या पात्याला आणि कमरेला आधार द्यायचा. बसल्यावर हात उशीवर किंवा टेबलावर, लोंबकळता नको. कपडे घालताना तो हात आधी बाहीत, काढताना शेवटी. पंजा सुजून लालसर, गरम झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, ती वेगळी तक्रार असते.

आईंना विचारायला एक प्रश्न देते, "आज या हाताने काय धरलं?" उत्तर "टॉवेलचं टोक" असलं तरी तारीख घालून लिहून ठेवा. आम्हाला तपासणीच्या वेळी ती वही चाचणीइतकीच उपयोगी पडते.

अर्धविराम
ओढतात. मदतीला येणारे दादा रोज काखेतून उचलतात. आजच बोलतो त्यांच्याशी.

डावा बरा
भावाला सांगा, बटणावर अडून बसू नको. बटण सगळ्यात शेवटी येतं. माझं मधलं एक अजूनही लागत नाही, वरची दोन लागतात. टी-शर्ट घालतो.

गोगलगाय
इतके दिवस नुसती वाचतेय, आता विचारतेच. मावशी मूळची डावखुरी आणि तिचा उजवा हात गेलाय. सगळे म्हणतात नशीब, कामाचा हात वाचला. पण त्यामुळे ती उजवा अजिबातच वापरत नाही, तिला गरजच पडत नाही. तिच्या चाचण्या चांगल्या येतात, ओतणं-उचलणं सगळं करते थेरपिस्टसमोर. घरी आली की हात खिशात. याला काय म्हणायचं?

हातोटी
@गोगलगाय, हेच ते जमतं पण करत नाही. मुख्य नसलेल्या हाताचं असं फार होतं. तिथे ५७ पैकी कितीही आले तरी मी समाधान मानणार नाही. तिला एका हाताने होणारच नाहीत अशी कामं द्या, बरणीचं झाकण, चादरीची घडी, चेनची बॅग, कागद धरून कात्रीने कापणं. उजव्याने नुसतं धरून ठेवायचं, बाकी डावा करेल. आणि थेरपिस्टना सांगा की घरी खिशात असतो, त्यांना ते दिसत नसणार.

गोगलगाय
चादरीच्या घड्या मावशीला आयुष्यात आवडल्या नाहीत पण बघते. बिनखिशाचे कपडे पण घ्यावे म्हणते.